लाल दोऱ्याची चिमणी

आमच्या खानदेशी कानबाईच्या रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू अर्धे निवडून झाले होते. अर्धे सुपात, अर्धे परातीत. हे काम मी डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेलं पातळ नेसून करते, आणि एकदा बसले की मधे उठत नाही. शेजारीण हाका मारून जाते तरी उठत नाही. गुरुवारी मात्र भर दुपारी दाराची कडी वाजली, आणि वाजवण्याची तऱ्हा घरच्याच माणसाची होती.

दारात वर्षा. माझी नणंद. तिचं ऑफिस सुरतेत मोटा वराछाला आहे, कोसाडला आमच्या घरी पोचेपर्यंत तिला रोज दिवेलागण होते.

“आज एवढ्या लवकर? सेठने सुट्टी दिली का?”

“दिली. कायमची द्यायच्या बेतात आहे.”

चपला काढून ती देवघरासमोर गेली, हात जोडायला उचलले आणि तसेच खाली सोडले. मग भिंतीला टेकून बसली. मी पुन्हा परातीशी बसले, पण गव्हातला खडा कोणता आणि दाणा कोणता ते काही मला दिसेना.

“वहिनी, मला चोर म्हणाले गं.”

वर्षाबद्दल लिहायचं तर थोडं मागे जायला हवं. ती आमच्याकडे आली तेव्हा दुसरीत होती. सासरे आधीच गेलेले, मग पारोळ्याकडच्या गावी सासूबाईही गेल्या, आणि ह्यांनी धाकट्या बहिणीला सुरतेत आणलं. आम्ही तेव्हा बमरोलीला एका खोलीत राहत होतो. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भिंतीपलीकडे कापड विणायचे लूम चालायचे, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलायचे. ही पोरगी तेवढी गप्प. हे डाइंग मिलमधून पाळी करून येऊन झोपले की ह्यांच्या उशाखालचा बटणांचा मोबाईल काढायची आणि त्यातला साप खेळायची. साप स्वतःच्याच शेपटीला चावला की तोंडावर हात ठेवून रडायची, दादा जागा होऊ नये म्हणून. मी म्हणायचे, “अगं, खोटा साप आहे तो.” ती म्हणायची, “मेला तर खराच ना.”

महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. मग उधन्याला कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचा क्लास केला आणि रिंग रोडजवळ साडीच्या प्रिंटची डिझाइनं बनवणाऱ्या एका दुकानात लागली. तिथे शेजारच्या खुर्चीवर सुवर्णा होती. सुवर्णा आमच्याच खानदेशातली, शिरपूरकडची. बोलायला फटकळ, आणि हसली की जिन्यावरून भांडी पडल्यासारखी. दोघी डबा एकत्र खायच्या, रविवारी आमच्या खोलीत यायच्या. सुवर्णाला माझी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी लागायची. “वहिनी, ठेचा असा कर की सेठला शिव्या द्यायची इच्छा होईल,” म्हणायची.

त्या दुकानातल्या मास्तरने दोघींना एक गोष्ट शिकवली होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या गोष्टीतून झालं. साडीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा छापतात. दोन नक्ष्या जिथे एकमेकींना जुळतात त्या सांध्यात माणसाची नजर जात नाही. डिझाइन काढणारा तिथे एखाद्या पानाखाली आपली बारीक निशाणी ठेवतो. कुणाची ठिपक्यांची, कुणाची अक्षराची. सुरतेत आज निघालेलं डिझाइन उद्या दुसऱ्याच्या दुकानात दिसतं. चोर कपडा जसाच्या तसा उचलतो, आणि निशाणीही त्याच्याबरोबर उचलली जाते. मग मार्केटात पंच बसले की फक्त सांधा दाखवायचा. निशाणी ज्याची, माल त्याचा.

बमरोलीच्या आमच्या खोलीबाहेर विजेच्या मीटरची पेटी होती. तिच्यावर एक चिमणी राहायची. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगाच्या मांज्यात तिचा पाय अडकला आणि लाल दोऱ्याचा तुकडा पायाला तसाच राहून गेला. आम्ही सोडवायला गेलो की उडायची. तो दोरा घेऊनच ती चिमणी वर्षभर वावरली. सुवर्णाने तिचं चित्र काढलं आणि त्यावर मोबाईलचा खेळ बनवायला घेतला. आकाशभर पतंग, सगळीकडे मांजा, आणि चिमणीने वाट काढत मीटरच्या पेटीवर परत यायचं. चिमणी सुवर्णाची, गल्ल्या आणि गच्च्या वर्षाच्या. रविवारी दोघी जमिनीवर पालथ्या पडून काम करायच्या आणि मी त्यांच्या पायांवरून ओलांडून पाणी भरायचे.

त्याच सुमाराला मौलिकभाईंनी खेळ बनवायची कंपनी काढली. त्यांच्या वडिलांचा, धनसुखकाकांचा, साड्यांचा मोठा धंदा. पैसा त्यांचा, हौस मुलाची. दोघी खेळ घेऊन गेल्या. मौलिकभाईंना वर्षाच्या गल्ल्या आवडल्या. चिमणी नको म्हणाले, आणि एकच जागा आहे म्हणाले.

वर्षाने ती जागा घेतली. सुवर्णा म्हणाली, “जा ना. मी कुठे धरलंय तुला?” आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेनाशी झाली. पुढे तिने तो चिमणीचा खेळ एकटीनेच पुरा करून मोबाईलवर टाकला. फारसा कुणी खेळला नाही. मग तिचं लग्न होऊन ती कडोदऱ्याला गेली, नवऱ्याचे लूम आहेत तिथे. हे सगळं मला तिच्या मावशीकडून कळलं. वर्षा तिचं नाव काढायची नाही आणि मीही काढत नव्हते.

वर्षाच्या कंपनीचा खेळ आहे ‘टेम्पोवाला’. साड्यांचे गठ्ठे लादलेला टेम्पो सुरतेच्या गल्ल्यांमधून न्यायचा. पहिला भाग चालला, दुसरा त्याहून चालला, तिसरा ह्या उन्हाळ्यात आला. मी स्वतः खेळून पाहिलाय, माझा टेम्पो दर वेळी चहाच्या टपरीत घुसतो. ह्या खेळात जागोजाग दुसऱ्या खेळांतल्या वस्तू लपवलेल्या आहेत. जगभर खेळ बनवणारे असं करतात म्हणे. आपण ज्यांचे खेळ खेळून मोठे झालो त्यांची एखादी खूण आपल्या खेळाच्या कोपऱ्यात ठेवायची. शोधणाऱ्याला गंमत, आणि जुन्याला नमस्कार. त्याला ते लोक ईस्टर एग म्हणतात. माझ्या घरात अंडं येत नाही, म्हणून मी लपवलेली गंमत म्हणते.

आणि लोक शोधतात. एका मुलाने मोबाईलवर व्हिडिओ टाकला, ‘टेम्पोवाला’च्या तिन्ही भागांतल्या लपवलेल्या गमती. बागेत पाण्याची नळी पडली आहे, ती म्हणजे बटणांच्या मोबाईलमधला साप, आणि तो स्वतःच्या शेपटीला चावायला निघालाय. मार्केटच्या जिन्यावर गठ्ठे रचलेत ते पडणाऱ्या विटांच्या खेळासारखे, एक ओळ भरली की नाहीशी होते. अशा खूप. आणि शेवटी, एका बंद शटरसमोर टेम्पो थांबवून दोनदा हॉर्न दिला की मीटरच्या पेटीमागून चिमणी उडते. त्या मुलाने कुठून तरी सुवर्णाचा जुना खेळही शोधून काढला आणि दोन्ही चिमण्या शेजारी शेजारी दाखवल्या.

लोकांनी कौतुक केलं. पण तो व्हिडिओ मार्केटात गेला. कुणा व्यापाऱ्याने धनसुखकाकांना गादीवर बसल्या बसल्या दाखवला आणि हसून म्हणाला, “काका, तुमच्या मालात दुसऱ्याची निशाणी निघाली की.”

काकांनी उभा जन्म साड्यांच्या धंद्यात काढला. त्यांना साप दिसला नाही, विटा दिसल्या नाहीत. त्यांनी चिमणी कुठे बसवली आहे ते पाहिलं. भिंतीची नक्षी जिथे पुन्हा सुरू होते त्या सांध्यात, पेटीच्या आडोशाला. निशाणी ठेवायची अगदी तीच जागा. आणि सुवर्णाचा खेळ ‘टेम्पोवाला’च्या आधीचा.

“ते म्हणाले, ह्या सगळ्या गल्ल्या त्या चिमणीवालीच्या आहेत,” वर्षा सांगत होती. “तू उचलून आणल्यास आणि निशाणी काढायची विसरलीस. तिन्ही भागांत विसरलीस.”

“पण ती तू ठेवलीस ना?”

“तेच सांगितलं. तर म्हणाले, आपल्या कपड्यात दुसऱ्याची निशाणी कोण आपल्या हाताने घालतं?”

“आणि मौलिकभाई? त्यांना तर ठाऊक असेल ही रीत.”

“ते बोलले दोन शब्द. मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा मागवला.”

काकांनी मंगळवारपर्यंतची मुदत दिली होती. जिची चिमणी आहे तिला समोर आण. ती म्हणाली चोरी नाही, तर खुर्चीवर बस. नाही तर घरी जा, आणि का गेलीस ते मार्केट आपोआप सांगेल. हे शेवटचं वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. सुरतेत डिझाइनचोर असं एकदा नाव पडलं की साडीचं दुकान असो की कॉम्प्युटरची कंपनी, कुणी बसायला स्टूल देत नाही.

“मग सोपं आहे,” मी म्हटलं. “सुवर्णाला फोन लाव.”

“नाही लावणार.”

“का?”

“इतकी वर्षं तिला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. आता माझी खुर्ची हलली म्हणून विचारू?”

मी परात मागे सारली. गहू तसेच झाकून ठेवले.

संध्याकाळी हे मिलमधून आले. ह्यांचं नाव भिकन. घरात अहिराणीशिवाय बोलत नाहीत. हात धुता धुताच म्हणाले, “काय व्हयनं? तोंड कसाले पाडेल शे दोन्हीसनी?”

मी सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला. “दुसरानी निशानी आपला कपडामा कसाले टाकाले जाणं? सेठ काय खोटं बोली नही ऱ्हायना.”

“दादा, कपडा नाही तो. खेळ आहे.”

“पगार तर कपडावाला बापच देस ना.”

वर्षा हसली नाही. एरवी दादाच्या बोलण्यावर हसते. ती पोळी न खाताच उठली तेव्हा मी तिच्या मागे गेले आणि म्हटलं, “मला दाखव तरी ती चिमणी. मी कधी पाहिली नाही.”

तिने मोबाईलवर पहिला भाग उघडला. बंद शटर, बाजूला आमच्या बमरोलीच्या खोलीची भिंत. मी भिंत लगेच ओळखली. पावसाने उतरलेला निळा रंग, कुणीतरी खडूने काढलेले स्टंप. टेम्पोने दोनदा हॉर्न दिला. चिमणी निघाली, पायात लाल दोरा. मग दुसरा भाग. तीच चिमणी, दोरा सुटत आलेला, एक टोक लोंबतंय. मग तिसरा. चिमणी मोकळी उडाली आणि दोरा खाली पायरीवर पडलेला.

“हे त्या मुलाने दाखवलं का? दोऱ्याचं?”

“नाही. त्याने फक्त चिमण्या मोजल्या.” तिने मोबाईल पालथा ठेवला. “हे ज्याच्यासाठी होतं त्याच्यासाठी होतं.”

मी देवघरात दिवा लावला, जप केला, पण माळेचे मणी नुसतेच सरकत होते. चोरीचा आळ खोटा आहे हे मला कळत होतं आणि तो खोटा कसा म्हणायचा हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला शुक्रवार. सकाळीच जिवतीची पूजा उरकली, पुरणाचा नैवेद्य दाखवला आणि वर्षाला म्हटलं, चल, मला काकांकडे घेऊन चल. ती म्हणाली, तू काय बोलणार तिथे? मी म्हटलं, ते तिथे गेल्यावर कळेल. ह्यांना काही सांगितलं नाही.

मार्केटात काका गादीवर बसले होते. कपाळाला टिळा, समोर साड्यांचे ढीग, मागे त्यांच्या देवाची तसबीर आणि तिला ताजा हार. “बेसो, बेन,” म्हणाले. पाणी मागवलं. वागायला वाईट नव्हते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. त्यांचं गुजराती आणि माझं हिंदी-गुजराती एकत्र करून बोलणं सुरू झालं.

मी म्हटलं, “काका, आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या रोटाला गहू घेतात ते मुठींनी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पोरीबाळींची मूठ धरत नाहीत. ही पोरगी आमच्याकडे आली त्या वर्षापासून मी तिच्या नावाची एक मूठ जास्त घालते. कुणाला न सांगता. दळलं की पीठ एकच होतं, कुणाला कळत नाही. पण देवीला कळतं, मला कळतं. तशी हिने ती चिमणी घातली आहे. आपल्या माणसाची आठवण म्हणून. ह्यात चोरी कुठे आली?”

बाजूला बसलेल्या वर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

काकांनी समोरच्या एका साडीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “बेन, तुमची गोष्ट साची. पण गहू तुमच्या घरचे होते. चिमणी हिच्या घरची आहे का?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“विचारलं होतं का तिला, जिची आहे?” त्यांनी वर्षाला विचारलं.

“नाही, काका.”

“मग मी तिलाच विचारीन. मला तुझ्याशी वैर नाही, दीकरी. उद्या ती कोर्टात गेली तर तुझी आठवण कामाला येत नाही.” आणि नोकराला सांगितलं, बेनसाठी चहा आण.

चहा घेतला. सेठच्या गादीवरचा चहा नाकारला तर आणखी बिघडेल असं वाटलं. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली, दोघी शेजारी बसलो. माझाच मला राग येत होता. जे बोलायला गेले ते बोलून उलट त्यांचाच मुद्दा पक्का करून आले होते. अमरोलीचा पूल आला तरी वर्षा खिडकीबाहेर पाहत होती.

“वहिनी, ती मूठ. मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगायचं काय त्यात? तुझ्या मोठ्या वहिनीच्या, म्हणजे माझ्या जावेच्या कानावर गेलं असतं तर रोटच बाद केले असते तिने.”

“तिला नको. मला.”

“तुला काय करायचं होतं कळून?”

“लहानपणी रोट करताना सगळ्यांची नावं घ्यायचे. मी उंबऱ्यावर बसून ऐकायचे, माझं येतंय का. मग उठून बाहेर जायचे.” ती अजूनही पुलाखालच्या तापीकडेच पाहत होती. “मला बरं वाटलं असतं, एवढंच.”

मला वाटायचं ती खेळायला बाहेर जाते.

घरी आल्यावर तिने तोंड धुतलं आणि मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. सुवर्णाचा नंबर तिच्याकडे होताच. मी भाजीला भोपळा चिरत होते. मला ऐकू येईल असा फोन लावून तिने तो ओट्यावर ठेवला. एकटीने बोलायची हिंमत नसावी.

पलीकडून आधी लूमचा खडखडाट आला, मग आवाज. “कोण?”

“मी.”

“मी म्हणजे कोण? मोठ्याने बोल, इथे लूम चालू आहेत.”

“वर्षा.”

नुसता खडखडाट. मग, “बोल.”

“तू... टेम्पोवाला पाहिलास का कधी?”

“पहिला भाग आला त्याच आठवड्यात. शटरसमोर दोनदा हॉर्न. पहिल्यात दोरा पायात, दुसऱ्यात सुटत आलेला, तिसऱ्यात पायरीवर. पाहिली गं बाई, तिन्ही पाहिल्या.”

वर्षाने ओट्याची कड धरली. “मग बोलली का नाहीस?”

“मी बोलायचं?” सुवर्णाचा आवाज तोच, फटकळ. “तू लपवायचं, मी शोधायचं, आणि सापडलं की फोनही मीच करायचा. असा नियम होता का?”

“तसं नाही.”

“मग कसं? लोकांना सापडली की गंमत वाटते. मला नाही वाटली. मला वाटलं, हिला माझी आठवण येते, पण कुणाला दिसणार नाही अशा जागी येते.”

माझ्या हातातली सुरी थांबली होती. वर्षाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

“आज फोन कशाला केलास?” सुवर्णा म्हणाली. “व्हिडिओ मीही पाहिलाय. सेठ मागे लागला असेल. त्याला माझ्याकडून काय हवंय?”

मी हाताने खूण केली, सांग, आत्ता सांग. मंगळवार, खुर्ची, सगळं सांग. सुवर्णाने स्वतःहून विचारलं होतं, ह्याहून चांगली वेळ आली नसती.

“हवंय त्यांना काहीतरी,” वर्षा म्हणाली. “पण ते मी मागणार नाही. मला तुझ्या घरी यायचंय. येऊ का?”

लूम चालत राहिले. मला वाटलं फोन कटला. मग सुवर्णा म्हणाली, “उद्या ये. दुपारी कारागीर जेवायला जातात तेव्हा लूम बंद असतात. नीट ऐकू येईल.” आणि खरंच फोन कटला.

मी वर्षावर चिडले, हे लिहायला हवं. म्हटलं, “तिने पुढ्यात ताट वाढलं आणि तू हात मागे घेतलास. तिथे जाऊन तरी मागणार आहेस का?”

“नाही.”

“मग मंगळवारी काय?”

“काकांनी विचारलं ना, तिला विचारलं होतंस का. नव्हतं विचारलं. ते आधी विचारते. नाही म्हणाली तर चिमणी काढून टाकते तिन्ही भागांतून आणि मौलिकभाईंना ऑफिसची चावी देऊन येते.”

“आणि नंतर?”

“नंतर माहीत नाही, वहिनी.”

खरंच माहीत नव्हतं तिला. मलाही नाही. मी देवीला साकडं घातलं, पण काय मागावं हे धड सुचेना. नोकरी टिकू दे म्हणावं तर पोरगी जे करायला निघाली आहे त्याच्या आड येतंय असं वाटलं.

संध्याकाळी झाकून ठेवलेले गहू पुन्हा काढले. अंघोळ करून बसले, राहिलेले निवडून संपवले. हे खाटेवर बसून बघत होते. मुठी भरायची वेळ आली. ह्यांची भरली, दोन्ही पुतण्यांची भरली, मोठ्या दिरांची भरली. मग मी वर्षाला हाक मारली. “हातपाय धुऊन ये. तुझी मूठ तू घाल.”

तिने दादाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ह्यांच्या कपाळाला आठी पडली. रविवारी कानबाई बसली की मोठी जाऊ विचारणार, सगळ्या भाऊबंदांत बोलणार, हे त्यांच्याही डोक्यात आलं असणार. खाटेवरचे पाय त्यांनी खाली घेतले. मग म्हणाले, “सव्वा भर. देवीना घर कमी नको करू.”

वर्षाने मूठ भरून परातीत सोडली, वर पाव मूठ. गहू गव्हात मिसळले.

रोट घराबाहेर द्यायचा नसतो, त्यामुळे सुवर्णाला तो काही नेता येणार नाही. कळण्याचं पीठ बांधून ठेवलं आहे. ठेचा सकाळी करीन, ताजा. सेठचं नाव मी तिथे काढायचं नाही असं वर्षाने माझ्याकडून वदवून घेतलं आहे. मला ते कितपत जमेल देव जाणे.

उद्या सकाळची पूजा आटपून वर्षाबरोबर कडोदऱ्याला सुवर्णाच्या घरी जायचं आहे.